राणी कलरची बोगनवेल

बोगनवेलीला आपल्याकडे फुलझाड म्हणून मान असा कधी मिळालाच नाही. वास नाही, गजऱ्याला उपयोग नाही, देवाला कोणी वाहत नाही, मग हिची ड्युटी कुठे तर कंपाउंडच्या भिंतीवर नाहीतर हायवेच्या डिव्हायडरवर. तिथे दिवसभर ट्रकचा धूर खायचा, रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटचा झोत अडवायचा, आणि एवढं करून मे महिन्यात आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना ही बया राणी कलरमध्ये नटून उभी!

बरं, आपण जिला पाकळी म्हणतो ती पाकळीच नाही. एक तोडून उन्हासमोर धरा, मधली शीर आणि तिला फुटलेले बारीक फाटे स्पष्ट दिसतात, पानच ते, फक्त रंगीत. अशा तीन पानांच्या मध्ये तीन बारक्या नळ्या असतात, प्रत्येक नळी आपापल्या पानाच्या शिरेला चिकटलेली आणि उमलली की टोकाला पांढरट चांदणी. खरं फूल ते एवढंसं. आपली गुलबक्षी हिच्याच कुळातली, तिलाही खऱ्या पाकळ्या नाहीतच, आणि दोघीही मूळच्या अमेरिका खंडातल्या.

नावाची तर वेगळीच स्टोरी. बूगॅनव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी जगप्रदक्षिणेला निघालेला, 1767 मध्ये जहाज रिओ द जानेरोला थांबलं आणि तिथे जहाजावरच्या कॉमर्सन या वनस्पतीतज्ज्ञाने ही वेल गोळा केली. म्हणजे पुस्तकात तसं लिहितात, पण कॉमर्सनचा पाय अधू, त्यामुळे रानोमाळ हिंडून झाडं जमवायचं, ओझी वाहायचं काम बरंचसं त्याच्या असिस्टंटचं, आणि तो असिस्टंट म्हणजे झान बारे नावाची बाई, कारण जहाजावर बायकांना बंदी म्हणून पुरुषाच्या वेशात आलेली. पृथ्वीला फेरी मारणारी माहितीतली पहिली बाई हीच. वेलीला नाव मात्र कॅप्टनचं. चालायचंच.

"आमच्या वेलीला नुसता पाला येतो, फुलं का नाही?" असं बरेच जण विचारतात. बहुतेक वेळा कारण एकच, लाड. सावलीतली कुंडी, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, वरून खत, मग ती कशाला फुलतेय! संत्र्याच्या बागेला बहार धरायला पाणी तोडून ताण देतात ना, तोच प्रकार इथे. भरपूर ऊन द्या, माती चांगली सुकू द्या, पानं जरा मलूल झाली की मगच पाणी. बहर संपला की बिनधास्त छाटा, कारण फुलं येतात ती नव्या फुटव्यांवर. छाटलेल्यातली पेन्सिलीएवढी फांदी पावसाळ्यात कुंडीत खोचली तरी बऱ्याचदा जगते आणि कलर सेम टू सेम मिळतो. बियांच्या नादी लागू नका, बागेतल्या जातींना बी सहसा धरतच नाही. आणि छाटताना हातमोजे जाड घ्या हं, भांडी घासायचे रबरी असतात ते नकोत, काटा आरपार जातो.