सतरा नंबरचा सेल

412व्या चार्जिंगला सतरा नंबरच्या सेलचं व्होल्टेज वर चढेचना. 4.05 व्होल्टच्या आसपास रेघ नुसती थरथरत होती आणि वीज मात्र आत जातच होती. 113 मिलिअँपिअर-तास धरणाऱ्या सेलमध्ये 140 गेले, तेव्हा प्रोग्रॅममधल्या सुरक्षा मर्यादेने चॅनल, म्हणजे यंत्राची त्या सेलला जोडलेली वाट, बंद पाडला.

आमच्या ज्युनिअरने सकाळी आल्या आल्या ते पाहिलं. "मॅडम, सतरा नंबर जास्तच खातोय," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला.

मी बॅटरी चाचणीचं काम करते. सेल चार्ज करायचा, डिस्चार्ज करायचा, पुन्हा चार्ज करायचा. चार्जला तीन तास, डिस्चार्जला तीन तास, म्हणजे दिवसाला चार सायकली. हजार सायकलींचा आकडा हवा असेल तर अडीचशे दिवस थांबावं लागतं. "नवी बॅटरी, एवढ्या वर्षांचं आयुष्य" अशी बातमी वाचली की त्यातले किती दिवस खरोखर मोजलेत आणि किती रेघ पुढे ओढून काढलेत, हेच मी आधी शोधते. बहुतेक वेळा ते लिहिलेलंच नसतं, आणि याचा मला मनापासून राग येतो.

सतरा नंबर साधा सेल नव्हता. नेहमीच्या लिथियम-आयन सेलमध्ये ॲनोडला, म्हणजे ऋण बाजूला, ग्रॅफाइट हा कार्बनचा प्रकार असतो, यात शुद्ध लिथियमची पत्री होती. ग्रॅफाइट एका ग्रॅममागे फार तर 372 मिलिअँपिअर-तास साठवतं, लिथियम धातू 3860. आणि मधे पेट घेणाऱ्या द्रवाऐवजी सल्फाइडचा घन थर. याच धातूवर स्टॅन्ली व्हिटिंगहॅम 1970च्या दशकात काम करत होते. पण चार्ज होताना लिथियम सपाट बसत नाही, त्याला कोंब फुटतात आणि ते पलीकडे पोचले की शॉर्ट. म्हणून अकिरा योशिनोंनी 1985मध्ये धातू सोडून कार्बन वापरला आणि 1991मध्ये बाजारात आलेला सेल त्याच वाटेने आला. दोघांनाही 2019चं नोबेल मिळालं, सोबत जॉन गुडइनफ होते. बाजूला ठेवलेल्या त्या धातूला घन थराच्या आधाराने परत आणायचं, हे सतरा नंबरचं काम होतं. आणि 411 सायकलींपर्यंत त्याने ते चोख केलं होतं. 120 मिलिअँपिअर-तासांनी सुरुवात करून तो 113वर होता, म्हणजे 94 टक्के.

आमच्या विभागप्रमुखांनी त्याचा आलेख त्याच दुपारच्या सादरीकरणात घातला होता, 400 सायकलींपर्यंतचा. "आधी चॅनल तपासा," ते म्हणाले. पहिला संशय यंत्रावर घ्यायचा, हे आमच्या धंद्यात चुकीचं नाही. पण मी सेल सायक्लरपासून, म्हणजे चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्रापासून, काढून तासभर नुसता ठेवला. व्होल्टेज 4.05वरून 3.91वर उतरलं. बाहेर काहीच जोडलेलं नसताना वीज आतल्या आत गळत होती. यंत्राची बाजू तिथेच संपली.

आता ज्या गोष्टीबद्दल मला खरं बोलायचंय ती, म्हणजे दाब. चार्जच्या वेळी लिथियम ॲनोडवर जमतं आणि डिस्चार्जला निघून जातं. दर चौरस सेंटिमीटरला 3 मिलिअँपिअर-तास म्हणजे साधारण 15 मायक्रॉन जाडी, दर सायकलीला वाढणार आणि घटणार. द्रव असता तर तो फटीत शिरला असता. घन थर शिरत नाही. तो लिथियमला चिकटून राहावा म्हणून बाहेरून दाबून धरावं लागतं. आम्ही 5 मेगापास्कल देत होतो. तळहाताएवढ्या, 40 चौरस सेंटिमीटरच्या सेलवर हे दोन टनांचं वजन झालं. त्यासाठी पोलादी पाट्या, चार बोल्ट, खाली स्प्रिंगा आणि मधोमध लोड सेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर. सेल काही ग्रॅमचा आणि त्याला धरणारं फिक्श्चर मला एका हाताने उचलत नाही. किलोमागे किती ऊर्जा याचे आकडे छापताना हे वजन सहसा कोणी धरत नाही. गाडीत मात्र ते धरावंच लागेल.

दुपारी सेल पूर्ण डिस्चार्ज करून ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, घेतला. आत आर्गॉन असतो, कारण लिथियम नायट्रोजनशीसुद्धा जुळतं. सिरॅमिकच्या कात्रीने पाकीट कापलं, कारण लोखंडी कात्री दोन थरांना एकदम टेकली की कापतानाच शॉर्ट होतो. जाड हातमोज्यांतून पत्री सोलायला पाऊण तास लागला. सल्फाइडला ओल लागली तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून घाई करता येत नाही.

पत्री मधे चकचकीत, चंदेरी होती. एका कोपऱ्याकडे मात्र बोटभर पट्टा मळकट, आणि भिंगाखाली जाळीसारखा पोकळ. तिथे लिथियम निघून गेलं होतं आणि परत नीट बसलं नव्हतं. काळा ठिपका, म्हणजे शॉर्टची जागा, या पट्ट्यात नव्हती. ती पट्ट्याच्या काठावर होती, जिथे चांगला भाग सुरू होतो. मी बराच वेळ तिकडेच बघत राहिले. पोकळ भागातून वीज जाईना, म्हणून ती शेजारच्या टेकलेल्या जागेत गर्दी करत होती, आणि कोंब तिथे फुटला. म्हणजे बिघाड चार्जिंगला दिसला, पण त्याचं मूळ आधीच्या कित्येक डिस्चार्जमध्ये होतं.

मग मला 340वी सायकल आठवली. चेंबरचा पंखा बदलायचा होता म्हणून फिक्श्चर बाहेर काढलं होतं आणि बोल्ट पुन्हा मीच आवळले होते. समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे असतात. त्या दिवशी मी एका बाजूने गोल फिरत आवळले. लोड सेलने बरोबर आकडा दाखवला, पण तो एकूण भार सांगतो, कोपऱ्याचं त्याला कळत नाही. त्यानंतर सेलचा रोध, म्हणजे विजेला होणारा आतला अडथळा, किंचित वाढला होता. माझ्या नोंदीत त्यापुढे माझ्याच अक्षरात "ठीक" लिहिलंय.

संध्याकाळी पाट्यांमधे दाबाची फिल्म ठेवून मी तसेच गोल फिरत बोल्ट आवळले. दाब जास्त तिथे ती गडद लाल होते. तीन कोपरे लाल आणि एक फिका गुलाबी आला. पण 340व्या सायकलीला नेमकं तसंच झालं होतं, हे त्या फिल्मवरून सिद्ध होत नाही.

विभागप्रमुख सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "म्हणजे मटेरियल निर्दोष आहे. फिक्श्चरचा दोष." अहवालात तसंच लिहावं, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही, आणि त्यात माझी चूक झाकायची इच्छा नाही, ती मी पहिल्या पानावर लिहिली आहे. सतरा नंबर म्हणजे एकच थर, जेमतेम अर्धा वॉट-तास. 60 किलोवॉट-तासांच्या गाडीत असे सव्वा लाखाहून जास्त थर लागतील, आणि प्रत्येकाचा प्रत्येक कोपरा वर्षानुवर्षं सारखा दाबलेला हवा, खड्ड्यांतून, थंडीत, उन्हात. एका कोपऱ्यातल्या ढिलाईने जो थर 70 सायकलींत मरतो, तो निर्दोष कसा म्हणायचा? आणि आवळणारे हात माझे होते, म्हणून तो दोषी तरी कसा म्हणायचा?

ही बॅटरी व्हावी असं मला मनापासून वाटतं. द्रवाने पेट घेतलेला सेल मी चाचणी-कोठडीच्या काचेमागून पाहिलाय, तो आवाज विसरता येत नाही. म्हणूनच 400वर कापलेला आलेख मला सहन होत नाही. त्या दुपारी तो तसाच दाखवला गेला. पाहणाऱ्यांपैकी कोणी दाब किती, असं विचारलं नाही, हे मला नंतर कळलं.

एकतीस आणि बत्तीस नंबर त्याच बॅचचे आहेत. एकतीसचे बोल्ट ज्युनिअरने समोरासमोर आवळले, मी फिल्म पाहून सही केली. बत्तीसचा एक कोपरा मुद्दाम ढिला ठेवलाय. काल दोन्हींची 231वी सायकल चालू होती. 412 यायला अजून दीड महिना आहे. बत्तीसचा रोध थोडा वाढलाय. एकतीसचाही वाढलाय, त्याच्यापेक्षा कमी.