झोपेत वाढलेले ठोके

इमारतींमधला आवाज मोजणं हे माझं काम. बहुतेक तक्रारी लिफ्टच्या मोटरच्या, पाण्याच्या पंपाच्या, नाहीतर वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्च्यांच्या असतात. सायरनसाठी सहसा कुणी बोलावत नाही. ॲम्ब्युलन्सविरुद्ध बोलायचं म्हणजे लोकांना अपराध्यासारखं वाटतं. त्या काकूंनाही वाटत होतं. फोनवर त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "गाडीत कुणीतरी मरणाच्या दारात असतं, कळतं हो मला. पण मला झोपच नाही."

घर चौथ्या मजल्यावर, खाली मोठा चौक आणि पलीकडे दोन गल्ल्या सोडून रुग्णालय. काकांना मात्र माझं येणंच पटलं नव्हतं. "मॅडम, 22 वर्षं राहतोय आम्ही इथे. मला तर ऐकूही येत नाही. सवय झाली. हिचेच कान तिखट आहेत." काकू काही बोलल्या नाहीत, उशी नीट करत राहिल्या.

94 डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर, म्हणजे ठरलेल्या पातळीचा आवाज काढणाऱ्या यंत्रावर, दोन्ही मीटर तपासून घेतले. एक बाल्कनीत लावला, स्पंजचा गोळा चढवून, आणि दुसरा शयनखोलीत, त्यांच्या उशापासून हातभर अंतरावर. रात्रभर नोंद होऊ दिली आणि सकाळी परत गेले.

रात्रीची आतली सरासरी आली 43 डेसिबल. हा आकडा काही फार भयंकर दिसत नाही, आणि माझी खरी चीड इथेच आहे. आठ तासांत नऊ सायरन, सगळे मिळून जेमतेम पाच मिनिटं. सरासरी काढली की ती पाच मिनिटं उरलेल्या शांततेत विरघळून जातात. माणूस काही सरासरीने जागा होत नाही, एकेका दणक्याने होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 सालच्या मार्गदर्शनात शयनखोलीसाठी सरासरी 30 डेसिबल सांगितली, पण त्याच्या जोडीला एकेका आवाजाची कमाल पातळीही दिली होती, 45. आमच्या नोंदीत बंद खिडकीआड कमाल होती 68. बाहेर बाल्कनीत 93.

आलेखावर जाणारी गाडी टेकडीसारखी दिसते, चढ आणि उतार. 3 वाजून 12 मिनिटांनी मात्र टेकडी नव्हती, पठार होतं. 1 मिनिट 40 सेकंद एकाच उंचीवर. ध्वनिमुद्रण ऐकलं. गाडी पुढून निघून जाताना सूर खाली उतरतो, तो उतरतच नव्हता. म्हणजे गाडी खाली चौकात अडकून उभी होती. पहाटे तीनला.

हे मी काकूंना समजावून सांगत असताना काकांनी मनगट पुढे केलं. मुलीने दिलेलं घड्याळ ते रात्रीही काढत नाहीत. "यात झोपेतले ठोके दिसतात म्हणे. बघा, मी कसा शांत झोपलो होतो ते."

बघितलं. माझ्या मीटरचं घड्याळ त्यांच्या फोनपेक्षा 40 सेकंद मागे होतं, ती वजाबाकी करून दोन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. 3.12 ला ठोके 58 वरून 76 वर. 1.47 ला 57 वरून 69. नऊपैकी सात सायरनना घड्याळाने उसळी दाखवली होती. मनगटी घड्याळ म्हणजे काही वैद्यकीय यंत्र नव्हे, आणि कूस बदलल्यावरही ठोके वाढतात. तशा दोन-तीन उसळ्या सायरनशिवायही होत्या. मी हे काकांना तसंच सांगितलं. पण त्या सात उसळ्यांची वेळ सायरनशी जुळत होती. झोपेवरचं संशोधनही हेच दाखवत आलंय: माणूस आवाजाला सरावला तरी आणि सकाळी काही आठवत नसलं तरी हृदयाचे ठोके रात्रीच्या आवाजाला दाद देतच राहतात.

काका बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत होते. मग काकूंना म्हणाले, "म्हणजे मीही जागाच असतो गं." त्यानंतर "सवय झाली" हे वाक्य मी कुणाच्याही घरी उत्तर म्हणून लिहून घेतलेलं नाही.

खिडकीकडे वळू. काच जाड होती, मग बाहेरून आत फक्त 25 डेसिबलच का कमी झाले? कागदाची पट्टी चौकटीत धरून झडप लावली आणि ओढली. तीन बाजूंना पट्टी घट्ट बसत होती, खालच्या बाजूला अलगद निघून आली. रबर वाळून दगड झालं होतं. शिवाय एसीच्या नळीभोवती भिंतीत अंगठा जाईल एवढं भोक, वरून फक्त प्लास्टिकची टोपी. तिथे कान लावला तर खालच्या रिक्षाचं इंजिन स्वच्छ ऐकू येत होतं. एकूण क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी उरलेली भिंत कितीही जाड असो, आवाज साधारण 20 डेसिबलच्या पलीकडे अडत नाही. लोक महागडी काच बसवतात आणि फट तशीच ठेवतात, ते बघून जीव तुटतो.

त्याच दिवशी चौकात रिकामी परतणारी एक ॲम्ब्युलन्स थांबली होती. चालकाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, रस्ता मोकळा असेल तर रात्री मी वाजवत नाही. पण इथे लाल लागला की समोरचा हलत नाही. काचा बंद, आत गाणी. अगदी मागे टेकलो की तेव्हा त्याला कळतं." त्याच्या कानात ड्यूटीनंतरही शिट्टी वाजत राहते, हेही त्याने सांगितलं. सायरनचा सूर वरखाली फिरता ठेवतात तो कान त्याला सरावू नयेत म्हणून, आणि तो ज्याच्यासाठी वाजतो त्याच्या बंद गाडीत पोहोचेपर्यंत बराचसा विरतो. चौथ्या मजल्यावर झोपलेल्या माणसाच्या खिडकीपर्यंत मात्र तो आडकाठीशिवाय येतो.

नवं रबर घातलं, भोक बुजवलं, तेव्हा कमाल 61 वर आली. आतून दहा सेंटिमीटर अंतर सोडून दुसरी काच बसवल्यावर 52. मार्गदर्शनातल्या आकड्यापर्यंत आपण पोहोचलो नाही, हे मी काकूंना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, सलग चार तास झोप लागली, कितीतरी दिवसांनी.

चौकाचं काम खिडकीने होणार नव्हतं. ॲम्ब्युलन्स जवळ आली की तिच्या बाजूचा सिग्नल आपोआप हिरवा होण्याची सोय अनेक शहरांत आहे, ती इथे करावी असा अर्ज इमारतीने वाहतूक विभागाकडे दिला. सोबत 3.12 चं ते पठार जोडलं, कारण गाडीतल्या रुग्णाचे 1 मिनिट 40 सेकंदही त्यातच होते. अर्जावर पहिली सही काकूंची, दुसरी काकांची. उत्तर अजून आलेलं नाही, पुढच्या महिन्यात मी पुन्हा मीटर लावणार आहे.