राज्यमंडळाची तिजोरी: कुलाबा, विजयदुर्ग, वसई

कॉन्फेडरेशन, म्हणजे राज्यमंडळ, नावावरून ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. कॅनडा १८६७ च्या एकत्रीकरणाला तेच नाव देतो, स्वित्झर्लंडच्या अधिकृत नावात ते आजही आहे; प्रत्यक्षात दोन्ही पक्की संघराज्यं, स्वित्झर्लंड १८४८ पासून. मी आधी तिजोरी बघते. मध्यवर्ती सत्ता थेट माणसाकडून कर घेते, की घटक राज्यांकडे वाटणी मागते? वाटणी मागत असेल तर ते राज्यमंडळ. मग फौज कोणाच्या हुकमाने हलते, परक्याशी तह कोण करतं आणि बाहेर पडायची वाट आहे का, एवढं तपासलं की पुरे.

तेरा अमेरिकन राज्यांची १ मार्च १७८१ ला अमलात आलेली पहिली घटना हा अस्सल नमुना. राज्य लहान असो वा मोठं, मत एकच. युद्ध, तह, कर्ज अशा बाबींना ९ राज्यांचा होकार हवा. कलम बदलायचं तर तेराही हवीत. काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. युद्धाचं कर्ज फेडायला आयातीवर ५ टक्के जकात सुचवली, ऱ्होड आयलंडने १७८२ मध्ये नकार दिला आणि सगळंच बारगळलं. शिमग्याच्या वर्गणीला एक वाडी रुसली की पालखी अडते, तसंच. रुसलेल्या वाडीला निदान मानकरी समजावतात. इथे समजावणाराच कफल्लक. १७८९ मध्ये नवी घटना लागू झाली, तिने काँग्रेसला थेट कर घ्यायचा हक्क दिला.

मराठा मंडळालाही आपण सर्रास राज्यमंडळ म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. तिथे घटकांनी जमून करार केलेला नव्हता, मतदान नव्हतं, ठरलेली बैठक नव्हती. सरंजाम, म्हणजे फौज बाळगायला दिलेला मुलूख, छत्रपतींकडून मिळायचा आणि कागदोपत्री काढूनही घेता यायचा. तो वंशपरंपरागत होत गेला आणि वरून बांधलेलं राज्य हळूहळू सैल पडलं. अमेरिकेचा प्रवास याच्या नेमका उलटा.

आपल्या किनाऱ्यावर हे आंग्र्यांच्या, म्हणजे मराठा आरमार सांभाळणाऱ्या घराण्याच्या बाबतीत लख्ख दिसतं. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांनी १७१३-१४ च्या सुमारास कान्होजी आंग्र्यांना छत्रपती शाहूंकडे वळवलं ते बोलणी करून, लढून नव्हे. सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, कान्होजींकडे राहिली, किल्ले राहिले, आरमारही राहिलं. समुद्रावर दस्तक, म्हणजे जहाजांचा परवाना, चालायचं तेही आंग्र्यांचंच. म्हणजे फौज आणि जकात, दोन्ही घटकाच्या हातात. १७२९ ला कान्होजी गेले, मुलांत भाऊबंदकी झाली आणि बाजीरावांनी घर वाटून दिलं: कुलाबा मानाजींकडे, दक्षिणेकडचे सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजींकडे.

पुढे विजयदुर्गी तुळाजी आंग्रे आले. ते पेशव्यांना जुमानेनात. आता अशा घटकाला वठणीवर आणायचं कसं? राज्यमंडळातली सगळ्यात अवघड जागा हीच. कर चुकवणाऱ्या माणसावर जप्ती नेता येते. चुकार राज्यावर फौजच न्यावी लागते. पेशवे नानासाहेबांकडे त्या तोडीचं आरमार नव्हतं, म्हणून त्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार तिथल्या खाडीत जळालं. ऑक्टोबरच्या तहात किल्ला पेशव्यांना मिळाला, बाणकोट इंग्रजांकडे कायम झालं. गलबतं मात्र कोणालाच परत मिळाली नाहीत. नानासाहेबांच्या कारभारातली ही सगळ्यात महागडी चूक, असं माझं मत.

तह कोण करतं, या प्रश्नाचं उत्तर वसईला मिळालं. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव महाड, सुवर्णदुर्ग करत वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला एकट्याने सही करून मोकळा झाला: सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने. शिंदे-भोसल्यांना कोणी विचारलं नाही. ते १८०३ मध्ये लढले, होळकर बाजूला राहिले. त्यांची पाळी १८०४ मध्ये आली, तोवर बाकीचे तह करून बसले होते.

भारतात ही दारं मुद्दाम बंद केलेली आहेत. डॉ. आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत स्पष्ट बोलले: हा संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघायचा हक्क नाही. शिवाय कलम ३ आहेच. राज्याची सीमा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं.