आमची वाटचाल: ‘कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे. माणसं मोजकी आणि प्रॉडक्ट एकच: विंडोज, मॅक आणि लिनक्सवरच्या फायली एकमेकांशी जुळत्या ठेवणारं सॉफ्टवेअर. सुरुवात नेटवर्किंगच्या कामांपासून झाली. छापखाने, आर्किटेक्ट, सीए यांच्याकडे केबल टाकायला जायचो, तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारा एक तरी मुलगा दिसायचाच. शेवटची फाईल नेमकी कुठली, यावरून रोजचे वाद. ते मिटवायला आम्ही हे बांधायला घेतलं.

विक्री हळूहळू सुरू झाली, आणि खरं काम त्यानंतर कळलं.

एका छापखान्याची कऱ्हाडला शाखा आहे. डिझाइन जुन्या मॅकवर, बिलिंग विंडोजवर, मधला सर्व्हर लिनक्सचा. तिथून फोन आला, ‘साहेब, कऱ्हाड नावाचे दोन फोल्डर दिसायलेत. निम्म्या फायली ह्यात, निम्म्या त्यात.’ स्क्रीनवर दोन्ही नावं हुबेहूब सारखी. आम्ही नावांचे बाइट, म्हणजे संगणक प्रत्यक्षात साठवतो ते आकडे, उलगडून पाहिले. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकसंध एकच कोड, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब). मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) नाव साठवतानाच त्याची फोड करते. विंडोज आणि लिनक्स मात्र जसं आलं तसं ठेवतात. म्हणून सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. नुसत्या इंग्रजी नावांवर चाचण्या घेतल्या असत्या तर हे कधीच सापडलं नसतं. आणि आपल्याकडे हे अक्षर पावलोपावली येतं: वऱ्हाडाची यादी, दुसऱ्या पानाचं प्रूफ, कोऱ्या पावत्या.

तेव्हापासून आम्ही तुलनेपुरती सगळी नावं एका रूपात आणतो. डिस्कवरच्या मूळ नावाला हात लावत नाही. आधीच दुभंगलेले फोल्डर एकत्र करायची सोय दिली, पण मालकाने यादी पाहून होकार दिल्याशिवाय ती चालत नाही. २०१७ साली आलेली मॅकची नवी फाइल सिस्टिम, एपीएफएस, नाव दिलं तसंच जपून ठेवते. तरी छापखान्यांत जुनी मॅक मशिन अजून चालतात, त्यामुळे तो कोड आम्ही काढलेला नाही.

पुढची अडचण लांब नावांची. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. युटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे फक्त ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजायची. विंडोजला अशी ८५ ची अट नाही. ग्रामपंचायतीची कामं घेणाऱ्या ठेकेदाराकडे ठरावाचा अख्खा विषयच फाईलचं नाव असतो. विंडोजवर ती फाईल बसते, सर्व्हर नाकारतो. नाव आपोआप कापणं सोपं होतं, पण अशा फायलींची सुरुवात बहुधा सारखीच असते आणि फरक शेवटी असतो. कापलं की दोन ठराव एकमेकांवर बसले. म्हणून आम्ही सरळ मराठीत संदेश देतो: ‘नाव लांब आहे, लहान करा. फाईल सुरक्षित आहे.’

सर्वांत जास्त जपतो ते डिलीटला. बाहेरची डिस्क कुणी काढून ठेवली की सॉफ्टवेअरला फोल्डर रिकामा दिसतो, आणि ‘सगळं पुसलं गेलं’ असं समजून ते दुसरीकडचंही पुसू शकतं. म्हणून प्रत्येक मुख्य फोल्डरमध्ये आम्ही एक खुणेची फाईल ठेवतो. ती दिसली नाही की काम तिथेच थांबतं. उशिरा आलेली फाईल गिऱ्हाईक समजून घेतं. गेलेली फाईल समजून घ्यावी अशी अपेक्षाच आम्ही करत नाही.

मध्यंतरी एका वितरकाने मोबाइल ॲपची अट घातली होती. त्या काळात नवीन काही न करता फक्त दोष काढायचे, असं आम्ही ठरवलं होतं. ती ऑर्डर गेली. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो, कारण आज आमचे पगार निघतात ते जुन्या गिऱ्हाइकांच्या वार्षिक देखभाल करारांवर.

सध्या कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांवर काम चालू आहे. लिनक्सवर ‘Final’ची दोन स्पेलिंग, एक मोठ्या एफने आणि एक लहान एफने, शेजारी शेजारी राहतात, विंडोजवर एकाच फोल्डरात सहसा एकालाच जागा मिळते. दोन्ही प्रती राखायच्या आणि कुठली कुणाची ते डिझायनरला एका नजरेत कळलं पाहिजे, अशी मांडणी आम्ही छापखान्यातल्याच मुलांना बसवून तपासतो आहोत.