आमची वाटचाल: खुंटी, राळ आणि परत आलेले 300 संच

वूमेरा म्हणजे भाला फेकायचा दांडा, हे इथे मेलबर्नमध्ये सातवीच्या विज्ञान शिक्षकाला सांगावं लागत नाही. बल आणि साधी यंत्रं शिकवताना ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळनिवासी लोकांच्या या दांड्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासक्रमातच दिलेलं आहे. आम्ही त्याचे प्रयोगसंच बनवतो. गोफण दोरीने हात लांबवते, वूमेरा लाकडाने. 60 सेंटीमीटरच्या हाताला तेवढाच दांडा जोडून फिरण्याचा वेग तोच ठेवला, तर टोकाचा वेग दुप्पट, गतिज ऊर्जा चौपट. प्रत्यक्षात वेग थोडा पडतो, कारण तिसऱ्या प्रकारच्या तरफेत जोर भारापेक्षा जास्त लागतो. पोरांच्या खांद्याला ते लगेच कळतं, वहीत नंतर उतरतं.

संचात खरा भाला नाही. 10 मिलिमीटर जाडीची, 1.2 मीटर लांबीची बांबूची काठी, पुढे फोमचा चेंडू, मागे 5 मिलिमीटर खोल खळगा. दांड्याच्या टोकाची खुंटी त्या खळग्यात बसते आणि सगळी गंमत तिच्या कोनात आहे. खुंटी फार उभी झाली की काठी अर्ध्यावरच निसटते. फार आडवी आणि लांब झाली की ती काठीचं शेपूट सोडत नाही, टोक आभाळाकडे जातं. खळग्याच्या कडेला मेणाचा दोरा गुंडाळला नाही, तर बांबू चिरतो.

सुरुवातीपासूनचे आमचे भागीदार ॲबोरिजिनल सुतार आहेत. विकल्या गेलेल्या प्रत्येक संचामागे त्यांचा वाटा असतो. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन गोष्टी बजावल्या: दांड्यावर ठिपक्यांची नक्षी काढायची नाही आणि सगळ्या समाजांना एकाच साच्यात घालायचं नाही. पश्चिम वाळवंटातल्या पिटजंटजारा लोकांचा रुंद वूमेरा, त्यांच्या भाषेत मिरू, मल्गा नावाच्या झाडाच्या लाकडाचा. मुठीला दगडी पातं, ते स्पिनिफेक्स गवताच्या राळेने बसवलेलं. गवत झोडपायचं, खळ्यावर उफणतात तसं उफणायचं, हाती येणारी भुकटी तापवायची. गरम असताना मळता येते, निवली की दगडासारखी. वूमेरा हा शब्द मात्र सिडनीकडच्या धारुग भाषेतला.

वर्गाच्या संचात खुंटी चिकटवायला आम्ही बाजारातली राळ वापरतो: राळ 5 भाग, मधमाश्यांचं मेण 1, कोळशाची वस्त्रगाळ पूड 1. नुसती राळ ठिसूळ असते. मेण तिला लवचीक करतं, पूड चीर पुढे सरकू देत नाही. धूर निघेपर्यंत तापवली तर सगळं मिश्रण फेकून द्यावं लागतं.

हे ठाऊक असूनही आम्ही एकदा मेण वगळलं. तेव्हा एका मोठ्या पुरवठादाराने आमचाच संच प्लास्टिकमध्ये, वर ठिपके छापून, निम्म्या भावात काढला होता. संचासोबतच्या पत्रकातलं आमचं वाक्य चुकीसकट उचललेलं. त्यांच्या खुंटीला कोनच नव्हता! तरी शाळा त्यांच्याकडे वळल्या, आणि खर्च कापायच्या नादात आम्ही घाण केली. इथल्या जुलैच्या थंडीत खुंट्या टकाटक उडाल्या, 300 संच परत आले. भागीदारांनी एक खुंटी बोटाने काढून टेबलावर ठेवली, बोलले काहीच नाहीत. तीनशेच्या तीनशे आम्ही पुन्हा बांधून दिले. त्यात दीड वर्षाची कमाई गेली. पुढे 2019 मध्ये फेडरल कोर्टाने इंडोनेशियात बनलेले बूमरँग ॲबोरिजिनल म्हणून खपवणाऱ्या एका घाऊक कंपनीला 23 लाख डॉलर दंड केला. ती कंपनी वेगळी, पण बातमी आम्ही कापून भिंतीला लावली. नंतरची वर्षं सुरळीत गेली.

संच परत येत होते त्या दिवसांत एका सरकारी शाळेच्या बाईंनी ऑर्डर रद्द केली नाही. मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रं घेऊन त्या दांड्याच्या टोकाचा वेग मोजतात आणि चुका आमच्याच पत्रकाच्या समासात लिहून पाठवतात. शिक्षकांनो, आधी हाताने फेकायला लावा, मग दांडा द्या. उलटं केलंत तर तुलनाच उरत नाही. संचातला बूमरँग वाऱ्याच्या दिवशी काढू नका. तो जवळजवळ उभा धरून फेकायचा. वरच्या पात्याचा वेग जास्त, म्हणून त्यावर उचल जास्त. फिरत्या वस्तूवर असा असमतोल आला की ती वळते. परत येणारे बूमरँग सगळीकडे नव्हते, शिकारीचे बरेचसे परत येतच नसत, हेही सांगा.

यंदा बाईंनी 28 संच मागवलेत. खाली पेन्सिलीने: "तीन मुलं डावखुरी, बूमरँगच्या कडा उलट घासून पाठवा."