काउल उघडं दिसलं की थांबा

घरी विमान बांधणाऱ्यांच्या मेळाव्यात शिरल्यावर पाय आपोआप सगळ्यात चकचकीत विमानाकडे वळतात. वळू द्यात, दोन फोटो काढा आणि पुढे व्हा. खालचा पत्रा कसा जोडलाय हे रंग सांगत नाही, उलट झाकतोच. ज्या विमानाचं काउल, म्हणजे एंजिनवरचं झाकण, उतरवून गवतावर ठेवलंय, पोटावर तेलाचे ओघळ आहेत आणि मालक गुडघे टेकून काहीतरी आवळतोय, तिथे तासभर घालवा.

खिशात एक छोटी टॉर्च असू द्या. पत्र्याच्या विमानाच्या पंखावर ती समोरून न मारता कडेने, जवळजवळ आडवी धरा. मग प्रत्येक खळगा सावली टाकतो. रिव्हेट (पत्रे जोडणारी धातूची खीळ) ठोकताना गन घसरली असेल तर बाहेरच्या, आधीच तयार असलेल्या डोक्यावर चंद्रकोरीसारखा वळ दिसतो. आतली बाजू दिसत असेल तर फारच छान: ठोकून बनलेलं डोकं दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. म्हणजे १/८ इंची रिव्हेटला ३/१६ इंच रुंदी, १/१६ इंच उंची. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान दोन व्यास, इथे १/४ इंच. डोकं कलंडलेलं असेल तर मागचा ठोकळा तिरका धरला गेला होता. दोन पत्रे क्लेकोने (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या चिमट्याने) नीट दाबून धरले नसतील तर रिव्हेट मधल्या फटीतच फुगतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण जोड ढिला राहतो. जरासं कलंडलेलं डोकं मात्र बहुतेक वेळा तसंच सोडलेलं बरं. ते काढायच्या नादात ड्रिल भरकटतं, भोक मोठं होतं, आणि हे दुखणं पहिल्यापेक्षा वाईट.

आता एंजिन. पहिली नजर सिलिंडरभोवतीच्या पत्र्यांवर आणि त्यांच्या कडेच्या रबरी पट्ट्यांवर टाका. हवेचा दाब वरच्या बाजूला असतो, म्हणून पट्टी दाबाच्या बाजूला, आत वाकलेली हवी. मग दाबच तिला काउलवर घट्ट बसवतो. उलटी वाकलेली पट्टी दाबाने उघडते, थंड हवा सिलिंडरांना टाळून निघून जाते आणि मालक म्हणतो, ‘चढताना तापमान फार वाढतं.’ काउलच्या आतल्या अंगावर पट्टी घासल्याची रेघ शोधा. रेघ जिथे तुटते तिथे फट आहे.

मग वायरी आणि नळ्या. एंजिन रबराच्या बुशांवर बसतं, त्यामुळे चालू-बंद करताना चांगलंच हलतं. फायरवॉलपासून (एंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीपासून) एंजिनपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक नळीला तेवढी ढील लागतेच. इंधनाची नळी एक्झॉस्टच्या शेजारून गेली असेल तर थांबून विचारा: अग्निरोधक बाही आहे का, मध्ये उष्णता अडवणारा पत्रा आहे का? नसेल तर गरम एंजिन बंद करून पुन्हा चालू करताना नळीत वाफ धरते. एंजिन धरणाऱ्या माउंटच्या नळीला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेल्या वायरी तर सर्रास दिसतात. पट्टी आणि नळीत धूळ अडकते, थरथरीने पट्टी आधी रंग खाते आणि मग पोलाद. तिथे रबर लावलेला क्लॅम्पच हवा. नायलॉनचं कडं असलेले लॉकनट एंजिनपाशी चालत नाहीत, त्यांची मर्यादा सुमारे १२० अंश सेल्सिअस. गरम जागी पूर्ण धातूचे नट लागतात. आणि नट कुठलाही असो, आवळल्यावर बोल्टचा किमान एक आटा बाहेर दिसायलाच हवा.

‘किती वर्षं लागली?’ हे सगळेच विचारतात आणि उत्तराने काही हाती लागत नाही. विचारायचं ते हे: कोणता भाग दोनदा करावा लागला? रिकामं वजन कागदावर किती होतं आणि काट्यावर किती भरलं? बॅटरी शेवटी कुठे सरकवली? अमेरिकेत अशा विमानांना सुरुवातीला नेमून दिलेल्या हद्दीत चाचणी उड्डाणं करावी लागतात: एंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४०. ‘त्या तासांत काय सुटलं, काय गळलं?’ या प्रश्नावर बांधणारा माणूस खुलतो.

हात लावण्याआधी परवानगी. पट्ट्याचं बकल, जॅकेटची चेन, गळ्यातला कॅमेरा, तिन्हींनी रंगावर ओरखडे उठतात. प्रोपेलरला तर परवानगीशिवाय बोटही नको. मॅग्नेटो (एंजिनला ठिणगी देणारं यंत्र) बंद होतो तो एका तारेतून जमीन (अर्थिंग) मिळाल्यावर. ती तार तुटलेली असली तर चावी काढलेली असूनही ठिणगी पडते, आणि हाताने फिरवलेलं एंजिन एखादा झटका घेतं.

स्वतःचं विमान घेऊन जाणार असाल तर दोर आणि खुंट घरून न्या. तीन ठिकाणी बांधायचं: दोन पंख आणि शेपटी. दोर तणतणीत ओढू नका, जेमतेम इंचभर ढील राहू द्या. स्क्रूसारखे खुंट भुसभुशीत जमिनीत वादळात उपटले जातात. तिथे तिरके ठोकलेले, तीन खिळ्यांचे खुंट जास्त धरतात. कंट्रोल सरफेस (पंख-शेपटीचे हलणारे भाग) लॉक करायला विसरू नका, वाऱ्याने रडर रात्रभर आपटत राहतो.

ऑशकॉशला, म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मोठ्या वार्षिक विमान मेळाव्याला, जायचं तर तिथे उतरण्याची त्या वर्षीची सूचना छापून गुडघ्यावर ठेवा. रिपन गावापासून रेल्वेरुळांवरून फिस्क गावापर्यंत एकामागे एक, मध्ये अर्धा मैल, १,८०० फुटांवर ९० नॉट. फिस्कला नियंत्रक रंग आणि प्रकार सांगून ‘पंख हलवा’ म्हणतात. पंख हलवायचे, रेडिओवर बोलायचं नाही. तळ्यांवर घिरट्या घालाव्या लागू शकतात, तेवढं इंधन जास्तीचं ठेवा. उतरल्यावरही लांबलचक टॅक्सी (जमिनीवरून विमान चालवत नेणं) असते. घट्ट काउलच्या विमानांचं तेल तिथेच तापतं.

निघण्याआधीची तपासणी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेऊन करा. तीन दिवसांत पन्नास जणांनी विमान हाताळलेलं असतं. इंधनाची झाकणं, ट्रिम टॅब (कंट्रोल सरफेसच्या कडेची छोटी पट्टी), पिटोचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) आवरण, चाकांच्या खोळीत अडकलेलं गवत बघा. दोर सोडले का आणि लॉक काढला का, हे मोठ्याने म्हणून बघा. खुंट उपटल्यावर भोकं मात्र पायाने बुजवून जा.