पंख आणि पंखा

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची तपासणी टीम यायला तीन आठवडे उरले तेव्हा आमच्या प्राचार्य मॅडमना प्राणिशास्त्र विभागाचं म्युझियम आठवलं. म्युझियम म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये पिवळे पडलेले साप, ओठ दुमडलेली शार्कची पिल्लं आणि शेपटीचे मणके हरवलेला मुंगसाचा सांगाडा. मॅडम दारातूनच म्हणाल्या, "काहीतरी रंगीत लावा हो भिंतीवर."

मी या विभागात एकवीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. रंगीत म्हटल्यावर फुलपाखरांशिवाय दुसरं काय डोळ्यासमोर येणार? जाळी घेऊन रानात जायचे दिवस केव्हाच गेले, आणि मला ती हौसही नाही. पण लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पडून होता. आमच्या मोठ्या सरांचा. ते इथून निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या शेवटच्या बॅचला होतो. "हा डबा कुणाला देऊ नकोस आणि उघडा ठेवू नकोस," एवढं सांगून ते गेले होते. डांबराच्या गोळ्या बदलण्यापलीकडे मी त्याला हात लावला नव्हता.

डब्यात चौसष्ट पुड्या निघाल्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो: फुलपाखरू लगेच टाचणीवर लावायचं नसेल तर पंख मिटून कागदाच्या त्रिकोणी पुडीत ठेवतात. कागद कुठलाही चालतो. सरांनी वर्तमानपत्रच वापरलं होतं. एका पुडीवर धोतरजोडीची अर्धी जाहिरात, दुसरीवर सिनेमाच्या खेळांच्या वेळा. आणि प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीने ठिकाण, तारीख, नाव. अकरा पुड्यांत नुसता भुगा होता. म्युझियम बीटलची केसाळ अळी सुकलेलं शरीर आतून खाते. अशी पुडी हलवली की चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी वाजतं.

उरलेल्या त्रेपन्नांतली चोवीस मी निवडली. गुरुवारी सकाळी लॅबच्या लांब टेबलावर पांढरा कागद अंथरला, एकेक पुडी उघडली आणि चिमट्याने काढलेलं फुलपाखरू तिच्याच शेजारी ठेवलं. ब्लू मॉरमॉन, कॉमन जेझबेल, दोन क्रिमझन रोझ, एक ब्लू ओकलीफ. हे ओकलीफ मिटल्यावर अगदी वाळलेलं पान दिसतं, मधली शीरसुद्धा. आणि सात शेंदरी प्लेन टायगर. सुकलेलं फुलपाखरू पापडापेक्षा नाजूक असतं. पंख उघडायला गेलात तर मुळातूनच तुटतो. म्हणून आधी ते मऊ करायचं. झाकणाच्या डब्यात ओली वाळू, वर टीपकागद, बुरशी धरू नये म्हणून थायमॉलचे चार खडे, आणि दोन-तीन दिवस थांबायचं. तो डबा भरायला घेणार, एवढ्यात शिपाईमामा चहाला बोलवायला आले. वीज अकरालाच गेली होती. लॅबमध्ये उकडत होतं. मी दार लोटलं आणि गेलो.

पुढची चूक सर्वस्वी माझी. वीज गेली तेव्हा डोक्यावरचा पंखा चालू होता आणि मी बटण बंद केलं नव्हतं.

कॅन्टीनमधला ट्यूबलाइट लागला तेव्हा माझ्या हातात बशी होती. ती तशीच ठेवून पळालो. दार उघडलं तर जिवंतपणीही उडाली नसतील इतकी फुलपाखरं खोलीभर उडत होती. बटण दाबलं. पंख्याला थांबायला किती वेळ लागतो हे त्या दिवशी कळलं. मग एकेक पातं दिसायला लागलं आणि सगळं खाली बसलं. बेसिनमध्ये, स्टुलांखाली, मुंगसाच्या फासळ्यांत.

मामा मागून आले होते. त्यांनी खाली वाकून हळूच विचारलं, "झाडू आणू का?"

"मामा, पाऊल उचलू नका," मी म्हणालो. ते तसेच एका जागी दहा मिनिटं उभे राहिले. मी गुडघ्यांवर बसून पोस्टकार्डाच्या तुकड्यावर एकेक उचलत गेलो.

चार फुलपाखरं कामातून गेली. वीस बऱ्या स्थितीत मिळाली. सगळ्या पुड्याही मिळाल्या, पण कुठली कुणाची ते आता कोण सांगणार? बिनपुडीचं फुलपाखरू म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये भिंतीवर लावतात तसली शोभा. कुठलं, कधीचं, कुणी धरलं, काहीच नाही.

ब्लू मॉरमॉन वगैरे सोपी होती. पुडीवर नाव होतं आणि तसं फुलपाखरू एकेकच. क्रिमझन रोझच्या जोडीत एकाचा भुगाच झाला होता, आणि दोन्ही पुड्या आंबोलीच्या एकाच दिवसाच्या, त्यामुळे तिथेही अडलं नाही. अडलं ते सात प्लेन टायगरपाशी. सातही शाबूत, सातही सारखे, आणि सात पुड्या तीन वेगवेगळ्या गावांच्या.

पुड्या उन्हाकडे धरून बघत होतो तेव्हा दिसलं. प्रत्येक पुडीच्या आतल्या बाजूला फिकट शेंदरी ठसा उमटला होता. पंखावरची भुकटी म्हणजे सूक्ष्म खवले, आणि इतकी वर्षं दाबून राहिल्यावर ते कागदाला चिकटले होते. पंखाची कड जिथे फाटलेली, तिथे ठशातही खाच होती. सूक्ष्मदर्शकाशेजारचं भिंग काढलं आणि पोलीस बोटांचे ठसे जुळवतात तसा बसलो. एकाला पक्ष्याने चोच मारल्यासारखी त्रिकोणी खाच होती, ते पाच मिनिटांत लागलं. दुसऱ्याचं पुढच्या पंखाचं टोक नव्हतं. संध्याकाळी सहापर्यंत सहा जुळली.

सातवी पुडी उरली, सातवं फुलपाखरूही उरलं, म्हणजे ती जोडी उघडच होती. तरी खात्री म्हणून भिंग लावलं. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. याच्या पंखावर मधे एकही नव्हता. फक्त वरच्या कडेला एक. ठशातही मधली जागा कोरी.

हे प्लेन टायगर नव्हतंच. डॅनॅइड एगफ्लायची मादी होती. प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाते, त्यामुळे फुलपाखरू कडू आणि विषारी होतं, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायची अळी घोळाच्या भाजीवर वाढते, तिच्यात विष कुठलं? म्हणून मादी प्लेन टायगरचा वेश घेते. नर मात्र काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा, तो या नाटकात नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे फुलपाखरू वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत होतं. पक्ष्यांना फसवणाऱ्या बाईने आमच्या मोठ्या सरांनाही फसवलं होतं.

मग पुडी नीट वाचली. कोयनानगर, १०-१२-६७. इतर दोन पुड्यांवरही तेच. मी पाटण तालुक्याचा. आमच्या घरात ११ डिसेंबर १९६७ ही तारीख कॅलेंडर न बघता सांगतात. पहाटे साडेचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आजीच्या तोंडून मी तो इतक्यांदा ऐकलाय की पाहिल्यासारखा वाटतो. ही तीन फुलपाखरं आदल्या दिवशीची होती.

तीन दिवसांनी ती मऊ झाली. थर्माकोलच्या खाचेत शरीर, छातीच्या मधोमध स्टीलची तीन नंबरची टाचणी, पुढच्या पंखाच्या जाड शिरेमागे सुईचं टोक लावून पंख वर ओढायचा, त्याची खालची कड शरीराशी काटकोनात आली की बटर पेपरची पट्टी ताणून कडेने टाचण्या. पंखातून एकही टाचणी जाऊ द्यायची नाही. एगफ्लायची डावी अँटेना पंख्याच्या गोंधळात तुटली होती. ती एका कागदावर सापडली. टाचणीच्या टोकावर फेविकॉलचा थेंब घेऊन, श्वास रोखून चिकटवली.

फ्रेमवाल्याला दोन इंच खोलीची सागवानी पेटी सांगितली. त्याला आत लाल मखमल हवी होती. पांढरा कागदच लाव, यासाठी त्याच्याशी अर्धा तास घातला. मॅडम बघायला आल्या. प्रत्येक फुलपाखराखाली ठिकाण-तारखेची चिठ्ठी बघून म्हणाल्या, "हे काढता येईल का? किराणा दुकानातल्या भावासारखं दिसतंय."

मी त्यांना कोयनानगरची चिठ्ठी दाखवली. त्या मिरजेच्या. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अक्षर जरा मोठं करा मग." मूळ पुड्या प्लॅस्टिकच्या फायलीत घालून पेटीच्या पाठीला लावल्या.

रात्री पुण्याला सरांना फोन केला. ते आता पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत, ऐकू कमी येतं. मोठ्याने विचारलं, "सर, भूकंपाच्या आदल्या दिवशी तुम्ही कोयनेला होतात?"

"रविवार होता. संध्याकाळच्या एसटीने परत आलो. सोमवारी माझा पहिला तास असायचा."

मला आणखी काही ऐकायचं होतं, पण ते तेवढ्यावरच थांबले. मग मी एगफ्लायचं सांगितलं.

"मागच्या पंखावर ठिपके किती?"

"मधे एकही नाही सर. कडेला एक."

"हं. एसटी गाठायची होती, घाई झाली असणार." आणि जरा थांबून, परीक्षेत विचारायचे त्याच आवाजात, "अँटेना दोन्ही शाबूत आहेत ना रे?"

"आहेत सर," मी म्हणालो.